त्र्याहत्तराव्या कॉलममधला पूर्णविराम

मेनफ्रेमवर नुकत्याच बसवलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. हिंजवडीत असा, खराडीत असा नाहीतर ऐरोलीत, आज ना उद्या एक काम तुमच्या पदरात पडणार. लीड सांगेल, "अगं, सोपं आहे. चौदाशे मेंबर आहेत, सगळ्यांत एकच नाव बदलायचंय. संध्याकाळपर्यंत होईल ना?" हो म्हणायला हरकत नाही. काम खरंच संध्याकाळपर्यंत होतं. त्यातला बदल करण्याचा भाग दहा मिनिटांचा असतो, आणि बाकीचा दिवस कशात घालवायचा हे मात्र कुणी सांगत नाही. ते मी सांगतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मेनफ्रेमवरची लायब्ररी म्हणजे एक मोठी फाइल, आणि तिच्या पोटात शेकड्यांनी, हजारांनी लहान लहान कागद. त्या कागदांना मेंबर म्हणतात. एखाद्या मेंबरमध्ये कोबॉलचा प्रोग्रॅम असतो, एखाद्यात रात्रीचा जॉब कसा चालवायचा ते सांगणारं जेसीएल. मेंबरचं नाव फार तर ८ अक्षरांचं, आतली ओळ बहुधा ८० अक्षरांची. हे ८० आलं पंच कार्डावरून. आयबीएमने ८० कॉलमचं कार्ड १९२८ मध्ये काढलं आणि सिस्टिम ३६० जाहीर केली १९६४ च्या एप्रिलमध्ये. कार्डं केव्हाच रद्दीत गेली, त्यांची रुंदी आपल्या स्क्रीनवर राहिली. कोबॉलच्या ओळीत पहिले ६ कॉलम क्रमांकाचे, सातवा खुणेचा, ८ ते ७२ मध्ये प्रोग्रॅम. ७३ ते ८० मध्ये काहीही लिहा, कंपायलर तिकडे बघतही नाही. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून तिथे नंबर पंच करत. ही शेवटची आठ घरं लक्षात ठेवा. माझी तीन रात्रींची झोप त्यांनीच खाल्ली.

२००३ सालची गोष्ट. पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेचं काम करत होतो. सहाशेच्या वर प्रोग्रॅम आणि त्या सगळ्यांत एका व्हेरिएबलचं नाव बदलायचं होतं. डब्ल्यूएस-रेट होतं, त्याचं डब्ल्यूएस-इंट-रेट करायचं. म्हणजे चार अक्षरं जास्त. मी रेक्समध्ये छोटा एडिट मॅक्रो लिहिला, लायब्ररीतला एकेक मेंबर उघडायचा, चेंज ऑल मारायचा, सेव्ह करून पुढच्याकडे जायचं. चहा संपायच्या आत काम झालं. सगळे प्रोग्रॅम कंपाइल झाले, रिटर्न कोड शून्य. टेस्ट झाली, तीही हिरवी. मी खुशीत घरी गेलो.

महिनाअखेरीला एका फाइलची मोजणी जुळेना. फाइलच्या शेवटच्या रेकॉर्डमध्ये खात्यांचा आकडा असतो, तो कमी येत होता. प्रोग्रॅम वाचला. आधी एक इफ होता: खातं बचतीचं असेल तर व्याजदर अमुक ठिकाणी टाक. पुढच्या ओळीत: मोजणीत १ मिळव. दोन्ही वाक्यांच्या शेवटी पूर्णविराम. चूक कुठेच नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा वाचला, तिसऱ्या रात्री पुन्हा. शेवटी आमचे एक सीनियर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, वाचतोयस काय? कॉल्स टाक आणि तो फुलस्टॉप कुठल्या घरात बसलाय ते बघ." कॉल्स ही आयएसपीएफच्या एडिटरमधली कमांड, ओळीवर पट्टी ठेवते. पट्टी ठेवली. पूर्णविराम ७३ व्या कॉलममध्ये होता.

ओळ आधीच खूप आत सरकवून लिहिलेली. नाव चार अक्षरांनी लांबलं, पुढचा मजकूर उजवीकडे ढकलला गेला, आणि ७३ ते ८० रिकामे असल्यामुळे एडिटरने तक्रार न करता पूर्णविराम तिकडे सरकवला. मला तो दिसत होता, कंपायलरला नव्हता. त्यामुळे इफ तिथे संपलाच नाही. पुढची 'मोजणीत १ मिळव' ही ओळही त्याच्या पोटात गेली आणि फक्त बचत खाती मोजली जाऊ लागली. टेस्टच्या फाइलमध्ये सगळी खाती बचतीचीच होती, म्हणून टेस्ट हिरवी. सहाशेत अशी ४ ठिकाणं निघाली.

यावरून कुणी म्हणेल, मॅक्रो नकोच, हातानेच करू. तसं अजिबात करू नका. चौदाशे मेंबर हाताने उघडणारा माणूस दोनशेव्या मेंबरनंतर काय टाइप करतो ते त्याचं त्यालाही कळत नाही, आणि त्याच्या चुका प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. मॅक्रोची चूक सगळीकडे सारखी असते, म्हणून सापडते तरी. १ जानेवारी २००० च्या आधी दोन आकडी वर्षं शोधत आमच्या पिढीने कोट्यवधी ओळी चाळल्या, तेव्हाही जिथे जमेल तिथे यंत्राकडूनच काम करून घेतलं. मॅक्रो जरूर वापरा. फक्त त्याच्या हाती लायब्ररी देण्याआधी त्याला मोजायला लावा.

मोजायचं कसं? आयएसपीएफमध्ये ३.१४ वर सर्च-फॉर आहे. जुनं नाव टाका, कुठल्या मेंबरमध्ये किती ओळींवर आहे त्याची यादी मिळते. ती जपून ठेवा. मग नवं नाव टाका. ही दुसरी शोधाशोध बहुतेक जण करत नाहीत. अहो, जे नाव अजून घातलंच नाही ते कशाला शोधायचं? तर ते आधीपासून कुठे असेल म्हणून. समजा, चाळीस प्रोग्रॅममध्ये नवं नाव आधीच वेगळ्या कामासाठी वापरलेलं आहे. तुम्ही बदल केला की तुमचं आणि त्यांचं एकमेकांत मिसळलं. मग चूक लक्षात आल्यावर उलटा चेंज मारून परत येता येत नाही, कारण त्यातलं मूळचं कुठलं आणि तुमचं कुठलं हे ओळखू येत नाही. उलटा चेंज म्हणजे अनडू नव्हे, हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आणि एडिटरचा खरा अनडू मेंबर बंद करेपर्यंतच चालतो. मॅक्रो तर प्रत्येक मेंबर बंद करतच पुढे जातो.

यादी हातात आली की डोळ्यांनी चाळा. कुणीतरी सांगेल, "वर्ड लावलंस की दुसरी नावं अडकत नाहीत." कोबॉलमध्ये यावर भरवसा ठेवू नका. एडिटरच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं आणि आकडे, डॅश आला की शब्द संपला. कोबॉलची नावं डॅशनीच जोडलेली. तुम्ही डब्ल्यूएस-रेट शोधता, तो डब्ल्यूएस-रेट-ओल्डमध्येही तेवढ्याच आनंदाने सापडतो. जेसीएलमध्ये डेटासेटच्या नावातल्या टिंबाचं हेच. अशी ठिकाणं आधी वेगळी काढा. एका मेंबरवर एक्स ऑल करून सगळं झाका, मग नाव फाइंड ऑल करा. जिथे जिथे नाव आहे त्याच ओळी वर येतात. दहा-बारा मेंबर असे पाहिले तरी लायब्ररीत काय काय तऱ्हा आहेत ते कळतं.

आता मॅक्रोकडे. त्यात चेंजच्या आधी बाउंड्सची ओळ हवी, कोबॉलला ७ ते ७२. मग मजकूर ७२ च्या पलीकडे जाणार असेल तर एडिटर तो बदल करत नाही, ओळीला ईआरआरची खूण लावतो. माझ्या मॅक्रोत ही एक ओळ असती तर मी त्या तीन रात्री झोपलो असतो. चेंजनंतर चेंज-काउंट्स विचारा. तो दोन आकडे देतो, किती जागी बदललं आणि किती जागी जमलं नाही. दुसरा आकडा शून्य नसेल तर त्या मेंबरवर कॅन्सल करा, नाव नोंदवा, पुढे जा. असे मेंबर शेवटी हाताने करायचे, आणि ते थोडेच असतात. पहिला आकडा शून्य असला तरी कॅन्सलच. काहीच न बदललेला मेंबर उगाच सेव्ह केलात की मेंबरच्या यादीत उजव्या टोकाला तुमचा आयडी आणि आजची तारीख चढते. पुढे वर्षभर तो प्रोग्रॅम रात्री दोनला अबेंड झाला की ऑपरेटर पहिला फोन तुम्हाला करणार.

बाउंड्स, नंबर वगैरे सगळं मॅक्रोतच ठरवा, प्रोफाइलवर सोडू नका. एडिट प्रोफाइल डेटासेटच्या नावाच्या शेवटच्या तुकड्यावरून ठरतं. तुमच्या टेस्ट लायब्ररीचा शेवटचा तुकडा वेगळा असला तर टेस्ट एका प्रोफाइलवर होते आणि खरं काम भलत्याच प्रोफाइलवर. आणि एक. मॅक्रोतले बाउंड्सही प्रोफाइलमध्ये तसेच राहतात, शेवटी ते पूर्ववत करून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्धा तास "फाइंडला का सापडत नाही" म्हणून डोकं खाजवाल.

पहिली फेरी सेव्हशिवाय चालवा. प्रत्येक मेंबर उघडा, बदला, आकडे लिहा, कॅन्सल करा. मग आकड्यांची सर्च-फॉरच्या यादीशी गाठ घाला. एक खाचखळगा सांगून ठेवतो. सर्च-फॉर ओळी मोजतो, चेंज जागा मोजतो. एका ओळीत नाव दोनदा आलं असेल तर आकडे जुळणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्येक फरकाचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. "असेल काहीतरी" हे कारण नव्हे.

जागेचं बघा. जुन्या पद्धतीची लायब्ररी, म्हणजे पीडीएस, सेव्ह केलेला मेंबर जुन्या जागी लिहीत नाही. तो शेवटी लिहिते आणि जुनी जागा मेल्यासारखी पडून राहते. सगळेच मेंबर सेव्ह केलेत तर अख्ख्या लायब्ररीइतकी मोकळी जागा लागते. ती नसेल तर सातशे-आठशे मेंबर झाल्यावर ई३७ येतो, आणि अर्धी लायब्ररी नवी, अर्धी जुनी. आधी बघा, जागा कमी असेल तर वाढवून घ्या. पीडीएसई असेल तर ती जागा आपली आपण पुन्हा वापरते, हा त्रास नाही.

त्याच मेल्या जागेचा एक उपयोग मात्र आहे. पीडीएसमध्ये गोंधळ झाला तर घाबरून कॉम्प्रेस मारू नका. कॉम्प्रेस होईपर्यंत जुने मेंबर त्या जागेत शाबूत असतात, आणि ते परत काढणारी साधनं जुन्या जाणत्यांकडे असतात. अर्थात यावर विसंबून काम करायचं नाही. सुरुवातीलाच आयईबीकॉपीने पूर्ण लायब्ररीची प्रत काढा, आणि ती उघडून मेंबर मोजा. प्रत काढली म्हणणारे पुष्कळ, मोजणारे थोडे.

माणसांनाही सांगा. एखादा मेंबर कुणी उघडून बसलं असेल तर तुमच्या मॅक्रोला तो मिळत नाही, रिटर्न कोड १४ येतो. तो नोंदवा म्हणजे झालं. खरा धोका वेगळाच. शेजारच्या टीममधल्या कुणीतरी मागच्या आठवड्यात एक प्रोग्रॅम स्वतःच्या लायब्ररीत कॉपी करून घेतलेला असतो. तो त्यावर काम करतो आणि पुढच्या सोमवारी परत टाकतो. तुमचा बदल गेला, कुठे नोंदही नाही. म्हणून आदल्या दिवशी मेल टाका, आणि नुसता मेल टाकून बसू नका, उठून विचारून या. एन्डेव्हरसारखं सोर्समधले बदल सांभाळणारं काही असेल तर सगळं त्याच्यातूनच न्या. प्रोसेस कंटाळवाणी असते हे मान्य, पण ती वळसा घालून टाळण्यात हुशारी नाही.

बदल झाल्यावर सुपरसीने जुनी प्रत आणि नवी लायब्ररी ताडून पाहा. जिथे ओळी बदलल्या तिथे बदल फक्त त्या नावाचाच आहे ना, हे बघायचं. जुनं नाव पुन्हा शोधा. शून्य यायला हवं, किंवा तुम्ही मुद्दाम सोडलेल्या मेंबरांइतकंच. सोडलेल्या मेंबरांची यादी कारणांसकट चेंज रिक्वेस्टला जोडा.

आणि ती प्रत लगेच उडवू नका. बहुतेक जॉब रोज चालतात, काही महिनाअखेरीला, आणि काही वर्षातून एकदाच, डिसेंबर संपताना. त्यांच्यासाठी जानेवारी उलटू द्या.