खेळणाऱ्यांनी आता खेळ घडवावा

मोबाईलवरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, एवढे बोलून आपल्यातली वडीलधारी मंडळी मोकळी होतात. पोरगा मात्र रात्री उशिरापर्यंत पडद्यात डोके घालून बसलेलाच असतो. आमचा आक्षेप खेळण्याला नाही; नुसतेच खेळत राहण्याला आहे. ज्या जगात तो रोज दोन-तीन तास वावरतो त्या जगाचे नियम कोणी केले, तिथे वर कोण चढतो आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न त्याला पडतच नाही. तो पडावा यासाठी एकच उपाय आहे. त्याने स्वतः एक असे जग बांधून पाहावे.

आजच्या बऱ्याचशा ऑनलाइन जगांची वंशावळ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठापाशी जाऊन पोहोचते. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तिथे ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि १९८० मध्ये रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो हाती घेऊन पूर्णत्वास नेला. त्यात चित्र नव्हते, आवाज नव्हता, होती ती फक्त अक्षरे. बार्टल सरकारी घरांच्या वस्तीत वाढलेला, कामगार घरातला. हा खेळ राजकीय कृती होती, असे त्यांनी पुढे स्पष्टच सांगितले आहे. इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत माणसाची जागा जन्माबरोबर ठरते. त्यांनी बांधलेल्या जगात ती जो तो आपल्या करणीने मिळवी. गुण जमवत पायऱ्या चढायच्या आणि शेवटी ‘विझार्ड’ व्हायचे. आज सर्रास दिसणारी ‘लेव्हल’ मिळवण्याची पद्धत निव्वळ करमणुकीची युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. अर्थात या जगाचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हतेच. बाहेरच्यांना विद्यापीठाचा संगणक मोकळा असेल तेव्हा, म्हणजे रात्री, प्रवेश मिळे. आणि त्यासाठी घरी संगणक नि टेलिफोन लागे.

नवशिक्याने ट्रबशॉकडून पहिला धडा घ्यावा तो सुरुवातीचा. त्याची पहिली आवृत्ती खेळ नव्हतीच; एकच जग अनेकांना एकाच वेळी वापरता येते की नाही, एवढे तपासणारा तो छोटासा प्रोग्राम होता. आपल्या मुलांचे इथेच चुकते. पहिल्याच झटक्यात हजारो खेळाडूंचे, लढायांचे, महालांचे स्वप्न पाहतात आणि महिन्याभरात सगळे टाकून देतात. एक खोली करावी. तिच्यात दोन माणसे यावीत. एक हलला तर दुसऱ्याला तो हललेला दिसावा. हे साधले की निम्मी लढाई जिंकली, कारण अवघड भाग हाच आहे. संदेश जाला-यायला वेळ लागतो, मध्येच जोडणी तुटते, आणि दोघांच्या पडद्यांवर दोन वेगळी सत्ये दिसू लागतात. म्हणून खरे काय ते सर्व्हरनेच ठरवायचे. खेळाडूच्या मोबाईलने ‘मला शंभर नाणी मिळाली’ असे कळवले तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याने फक्त ‘मी पेटी उघडली’ म्हणावे, नाणी मोजायची ती सर्व्हरने. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली नाही, तर लबाडी करणाऱ्यांचे राज्य यायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न अवजारांच्या मालकीचा. ‘युनिटी’ या खेळ बनवण्याच्या साधनाच्या मालक कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये, खेळ किती यंत्रांवर बसवला जातो त्यावर शुल्क लावण्याची घोषणा केली. जगभरच्या विकसकांनी आरडाओरड केली, तेव्हा वर्षभराने ते शुल्क रद्द झाले. या साधनावर वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना तेवढ्यात कळून चुकले, की आपण दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधले आहे. याउलट ‘गोडो’ हे साधन २०१४ पासून मुक्त आहे. त्याला ना परवाना शुल्क, ना कमाईत वाटा. आणि अनेकांनी मिळून खेळण्याची सोय त्यात आहे. साध्या संगणकावर ते चालते. आपल्या होतकरू मुलांनी सुरुवात इथून करावी, असे आमचे मत आहे. झटपट कमाईच्या नादाने पैजेचा खेळ मात्र कोणी काढू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला आहे.

आणि खोलीत तिसरा माणूस आला की प्रश्न तंत्राचा उरत नाही. कोणी शिवी दिली तर काय? कोणी आडनाव विचारून टोमणा मारला तर त्याला बाहेर कोण काढणार, आणि काढणाऱ्याने अधिकाराचा गैरवापर केला तर दाद कुणाकडे मागायची? मोठ्या कंपन्यांच्या खेळांत हे नियम आपल्याला विचारून होत नाहीत. स्वतःच्या खेळात ते लिहावेच लागतात. वस्तीतल्या ग्रंथालयात, वसतिगृहात चार-पाच मुलामुलींनी एकत्र बसावे, एकाने सर्व्हर सांभाळावा, एकाने चित्रे काढावीत, आणि हे नियम मात्र सगळ्यांनी मिळून, पहिला अनोळखी खेळाडू आत येण्यापूर्वी, कागदावर लिहून काढावेत.