वाळवंटातील विहिरी आणि वाटाडे

चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोचविणाऱ्या मोटारींचे हल्ली आमच्या तरुणांना मोठे आकर्षण वाटते. सुट्टी मिळाली की चार मित्र एकत्र येतात, डांबरी रस्ता सोडतात आणि चिखल, ओढे, खडक यांतून गाडी नेण्यात आनंद मानतात. वडीलधारी मंडळी याला पैशाची उधळपट्टी म्हणतात. आमचे मत थोडे निराळे आहे. अशा प्रवासात शिकण्यासारखे पुष्कळ असते. मात्र आपण ज्या वाटेने जातो, ती कोणाच्या कष्टांतून झाली हेही प्रवाशाने जाणून घ्यावे. यासाठी ऑस्ट्रेलियातील एका प्रसिद्ध वाटेची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पश्चिम ऑस्ट्रेलियात विलूना व हॉल्स क्रीक या दोन गावांच्या दरम्यान 'कॅनिंग स्टॉक रूट' नावाची सुमारे १,८५० किलोमीटर लांबीची वाट आहे. तीन वाळवंटांतून जाणाऱ्या या वाटेवर वाळूच्या सुमारे ९०० टेकड्या ओलांडाव्या लागतात. प्रवासाला दोन ते तीन आठवडे लागतात आणि कित्येक शे किलोमीटर इंधनाचा थेंबही मिळत नाही. म्हणून शहाणा मनुष्य तेथे एकटा जात नाही. दोनतीन गाड्यांचा मेळ करूनच निघतो.

वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करतात. त्यामुळे टायर जमिनीवर अधिक पसरतो व रुतत नाही. टेकडी चढताना वेग एकसारखा ठेवावा लागतो. गाडी मध्येच थांबली, तर तिला उतारावर आडवी वळवू नये. ती उलटण्याचा धोका असतो. आलेल्या चाकोरीनेच ती सरळ मागे न्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. टेकडीपलीकडून येणारी गाडी दिसत नाही, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला निशाण बांधतात. पुढे गेलेला मित्र पलीकडची वाट मोकळी असल्याचे बिनतारी यंत्रावरून कळवितो आणि मागची गाडी येईपर्यंत थांबतो. तेथे सर्वांत मागे राहिलेल्याच्या चालीनेच सर्वांना चालावे लागते.

आता या वाटेचा जन्म पाहू. किंबर्ली प्रांताच्या पूर्वभागातील गुरांना गोचिडांचा उपद्रव असल्याने ती जहाजाने दक्षिणेच्या बाजारात नेण्यास बंदी होती. कोरड्या वाळवंटातून हाकीत नेल्यास गोचिडी मरतील, असा विचार पुढे आला. १९०६ मध्ये आल्फ्रेड कॅनिंग या भूमापकाने वाट शोधण्यास प्रारंभ केला. गुरांना पाणी हवे, आणि त्या वाळवंटात पाणी कोठे आहे हे ठाऊक होते फक्त तेथील मूळ रहिवाशांना. कॅनिंगच्या तुकडीने त्यांतील काहींना पकडले, ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या गळ्यांत साखळ्या अडकविल्या आणि त्यांच्याकडून पाणवठे दाखवून घेतले.

तुकडीतील स्वयंपाक्याला हे सहन झाले नाही. त्याने तक्रार केली आणि १९०८ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही. तरीही आयोगाने त्याला दोषमुक्त ठरविले. पुढे १९१० पर्यंत ५१ विहिरी बांधून झाल्या. त्यांतील अनेक विहिरी मूळ रहिवाशांच्या जुन्या पाणवठ्यांवरच होत्या. ज्यांचे पाणी, त्यांनाच त्या विहिरींची जड यंत्रे चालवून पाणी काढणे कठीण झाले, आणि त्यांनी काही विहिरी मोडून टाकल्या. १९११ मध्ये गुरे हाकणारे तिघे त्या वाटेवर मारले गेले. जे बळजबरीने मिळविले, त्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागली.

वाचकहो, या दोन चित्रांतील अंतर ध्यानी घ्या. आजच्या मित्रांचे कष्ट त्यांनी स्वखुशीने पत्करलेले असतात, म्हणूनच ते गोड लागतात. पुढचा मित्र वाट दाखवितो तो स्नेहापोटी, आणि मागचा त्याच्या शब्दावर विसंबतो. त्या जुन्या वाटाड्यांना मात्र 'नको' म्हणण्याची मोकळीक नव्हती. ज्या विहिरींपाशी आज मित्रमंडळी हसतखेळत तंबू ठोकतात, त्या विहिरींचा पत्ता त्या वाटाड्यांनी साखळीत राहून दिलेला आहे.

आता काळ पालटला आहे. २००२ मध्ये मार्टू लोकांचा आपल्या विस्तीर्ण भूमीवरील हक्क न्यायालयाने मान्य केला. प्रवाशांना त्या भूमीतून जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. २०१० मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात या वाटेची कथा मूळ रहिवाशांच्याच चित्रांतून व शब्दांतून मांडण्यात आली. मोटारप्रवाशांच्या काही मंडळांनी तर श्रमदान करून पडक्या विहिरी दुरुस्त केल्या आहेत. परवाना घेणे आणि विहीर बांधून देणे, ही दोन्ही ऋण मान्य करण्याचीच रूपे होत.

आमच्या तरुणांना सांगणे इतकेच, की मित्रांसह खुशाल जा. परंतु कोणाच्या शेताच्या बांधावरून वा पाणवठ्यातून चाक नेण्यापूर्वी खाली उतरा आणि तेथील माणसाला विचारा. तो 'नाही' म्हणाला, तर गाडी मागे घ्या. वाट दाखविण्यास कोणी सोबत आला, तर त्याच्या दिवसाच्या मजुरीचा व जेवणाचा विसर पडू देऊ नका. आणि घरी परतून प्रवासाच्या गोष्टी सांगाल, तेव्हा त्याचे नावही त्यांत येऊ द्या.