खडा पडला, व्याधी गेली का?

आपल्या त्रैमासिकाच्या दोन-तीन अंकांआड मूत्राश्मरीवरील एखादा अनुभवलेख हमखास असतो. वरुण, पाषाणभेद, गोक्षुर व पुनर्नवा यांचा क्वाथ, सोबत चंद्रप्रभा वटी किंवा गोक्षुरादि गुग्गुळ. पंधरा-वीस दिवसांत अमुक मिलिमीटरचा खडा पडला, रुग्ण समाधानी, लेख समाप्त. या अनुभवांच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे औषधाविनाही यथाकाल बाहेर पडतात, हे या लेखांत सहसा नसते; आणि तोच रुग्ण तीन वर्षांनी कोठे होता, हे तर कधीच नसते. एकदा मूतखडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो पाच ते दहा वर्षांत पुन्हा होतो. म्हणजे आपण ज्यास यश म्हणतो, ती पुष्कळदा दोन वेगांमधील विश्रांती असते.

सुश्रुताचार्यांनी अश्मरीची गणना अष्टमहागदांत केली आहे. नव्या घटात भरलेले स्वच्छ पाणीही काही काळाने तळाशी गाळ धरते, तशी अश्मरी बनते, हा त्यांचा दृष्टांत आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. या दृष्टांतातील महत्त्वाचा शब्द गाळ नव्हे, तर काळ होय. गाळ काढून टाकला तरी घट तोच आणि पाणी तेच राहिले, तर गाळ पुन्हा बसणारच. त्यांच्यापुढील रुग्ण बहुतांशी बस्तिगत अश्मरीची बालके होती, आपल्यापुढे वृक्क व गविनीगत अश्मरीचे प्रौढ आहेत, हा भेदही ध्यानी ठेवावयास हवा. मात्र तरुण अश्मरी औषधसाध्य आणि प्रवृद्ध अश्मरी शस्त्रसाध्य, हा त्यांचा विवेक आजही तसाच्या तसा लागू आहे.

तो विवेक माझ्याकडून एकदा सुटला, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. चाळिशीचा एक ट्रकचालक गविनीतील खड्यासाठी माझ्याकडे आला. महिनाभरात शूल थांबला. खडा पडताना त्याने पाहिला नव्हता, मीही विचारले नाही. वेदना नाही म्हणजे खडा नाही, असे दोघांनीही गृहीत धरले. सव्वा वर्षाने अन्य कारणासाठी सोनोग्राफी झाली, तेव्हा खडा गविनीच्या खालच्या भागात तसाच अडकलेला होता आणि वरचे वृक्क फुगून जवळजवळ निकामी झाले होते. अवरोध जुना झाला की वेदना पुष्कळदा थांबते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तेव्हापासून शूल थांबला तरी चार ते सहा आठवड्यांनी तपासणी करविल्यावाचून मी कोणाचाही केसपेपर बंद करीत नाही. अवरोधासह थंडी-ताप असेल तर क्वाथाचा विचारही न करता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे धाडतो.

पुनरुद्भव टाळण्याच्या उपायांत पाण्याइतका साधा आणि सिद्ध उपाय दुसरा नाही. इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्याच खड्यानंतर पुरेसे पाणी घेणाऱ्यांपैकी 12 टक्के, तर नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी 27 टक्के रुग्णांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. आपल्यातील काही ज्येष्ठ वैद्य यावर अत्यंबुपानाचा आक्षेप घेतात. तो निराधार नाही. एका बैठकीत तांब्याभर पाणी रिचविणे अग्नीस मानवत नाही. परंतु तेच पाणी थोडे थोडे, कोष्ण, धण्याचे किंवा यवाच्या पेजेच्या रूपात दिवसभर विभागून देता येते. लक्ष्य पिण्याच्या पाण्याचे न ठेवता मूत्राचे ठेवावे. सुटीच्या एका दिवशी एक लिटरच्या बाटलीने मोजून चोवीस तासांत अडीच लिटर मूत्र होते का, ते पाहण्यास मी सांगतो. आकडा पाहून रुग्णच चकित होतो. अनेकांचे एक लिटरही भरत नाही.

ते का भरत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर निघंटूत नाही. एसटीची वाहक, बंदोबस्तावरील महिला शिपाई, बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई, उसाच्या फडातील मजूर स्त्री यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे लिहून देणारा वैद्य त्या दिवसभर कोठे जाणार, हे विचारतो का? जाण्याची सोय नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच घेत नाहीत. मूत्रवेगधारणाचे दुष्परिणाम चरकाचार्यांनी सांगितले. त्यापुढचे, वेगच उत्पन्न होऊ नये म्हणून तृष्णा धारण करण्याचे हे दुःख आपल्याच दारात आहे. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ 2011 साली सुरू झाली ती याच अडचणीतून. तिच्या पाठीशी आपल्या संघटनेचे पत्रक असावयास हवे होते, असे मला आजही वाटते. तोपर्यंत कामाचे तास टाळून पहाटे, सायंकाळी घरी परतल्यावर व निजण्यापूर्वी पाण्याची वाटणी करून देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपल्या छापील पथ्यपत्रकांची स्थिती केविलवाणी आहे. दूध व ताक बंद करण्याचा सल्ला त्यांत अद्याप आढळतो. याच पार्मातील संशोधकांच्या 2002 सालच्या अभ्यासात कॅल्शियम कमी केलेल्या गटात खडे जवळजवळ दुप्पट झाले. कारण अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. कमी करावयाचे ते मीठ व मांस. लोणचे, पापड, वेफर्स यांवर बोट ठेवण्याऐवजी आपण टोमॅटोच्या बियांशी झगडत बसतो! कुळथाचे कढण खुशाल द्यावे, पण त्याच्या भरवशावर पाणी विसरू नये.

खड्याचे पृथक्करण तर आपण करवीतच नाही. मूत्र गाळणीतून गाळून सापडलेला कण डबीत आणावयास सांगणे अवघड नाही. युरिक आम्लाचा खडा असल्यास क्षारप्रयोगाने तो विरघळू शकतो. फॉस्फेटचा असल्यास तोच क्षार त्याची वाढ करील. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा औषधाने विरघळतो, असे रुग्णास सांगण्याइतका आधार आपल्यापाशी नाही. यवक्षार व श्वेतपर्पटी यांत पोटॅशियम असते, म्हणून वृक्काचे कार्य मंदावलेल्या रुग्णात ती देण्यापूर्वी रक्ततपासणी पाहिलीच पाहिजे.

संपादक मंडळास माझी विनंती आहे की, यापुढे अश्मरीवरील अनुभवलेख स्वीकारताना तीन गोष्टी मागाव्यात: खडा पडल्यानंतरची सोनोग्राफी, खड्याचे पृथक्करण, आणि किमान दोन वर्षांनंतरची रुग्णाची नोंद. माझ्या स्वतःच्या वह्या मी या दृष्टीने चाळल्या. दोन वर्षांनंतरची नोंद असलेले रुग्ण निघाले अवघे अकरा.