झांबियातील सत्तांतराचा धडा
झांबियात केनेथ कौंडा यांनी १९७२ साली एकपक्षीय राजवट आणली; १९९१ च्या ऑक्टोबरात मतदारांनी ती मतपेटीतूनच उलथवली. विजयी झालेले फ्रेडरिक चिलुबा हे कामगार महासंघाचे अध्यक्ष. तेव्हा श्रमिकांनी आशा बाळगणे गैर नव्हते. परंतु नाणेनिधीच्या अटी शिरोधार्य मानून याच पुढाऱ्याने तांब्याच्या सरकारी खाणी खासगी कंपन्यांच्या हवाली केल्या. हजारो खाणकामगार देशोधडीला लागले. १९९६ मध्ये तर आईबापांच्या जन्मस्थानाची अट घटनेत घालून कौंडांनाच निवडणुकीबाहेर ठेवले. स्वातंत्र्यलढ्याचा नेताच परका ठरला! तरीही अनेकपक्षीय लोकशाही व्यर्थ गेली, असे आम्ही म्हणणार नाही. २००१ साली चिलुबांना अध्यक्षपदाची तिसरी मुदत हवी होती. चर्च, वकील आणि स्वपक्षीय खासदारांनीच ती रोखली. कौंडा सलग २७ वर्षे त्या पदावर राहिले होते.