निनावी थट्टेची किंमत कोण मोजतो?

येवल्यात रंगपंचमीच्या दिवशी टिळक मैदानात रंगांचा सामना रंगतो. ट्रॅक्टरवर रंगाची पिंपे चढवली जातात आणि समोरच्याला नखशिखान्त भिजवण्याची चढाओढ लागते. त्या गर्दीत ओळखीचे असतात तसे अनोळखीही असतात. तरीही कोणी दुखावले जात नाही, कारण मैदानात उतरणारा भिजण्याच्या तयारीनेच उतरतो, रंग उडवणारा स्वतःही भिजतो आणि दुसऱ्या दिवशी दोघांची गाठ त्याच पेठेत पडायची असते. संमती, परतफेड आणि ओळख हे लोकरीतीने थट्टेला घातलेले तीन बांध होत.

मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी माणसांशी चालणाऱ्या निनावी गप्पांत हे तिन्ही बांध फुटले आहेत. मुलाने मुलीचे नाव घ्यावे, दुर्धर आजाराची किंवा नोकरीची खोटी कहाणी रचावी, पलीकडचा माणूस मनापासून गुंतला की सोंग उघडे करून त्याला हसावे, आणि वर ते संभाषण मुद्रित करून जगापुढे मांडावे, अशी ही करमणूक आहे. 'गंमत केली' एवढ्या दोन शब्दांत तिचे समर्थन होते.

हा प्रकार अगदी नवा नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. पुढे सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून गप्पा मारणारी पिढी आली. वय, लिंग आणि गाव हे तिचे पहिले प्रश्न असत, आणि उत्तरे पुष्कळदा बनावट. २००९ मध्ये अमेरिकेतील अठरा वर्षांच्या लीफ के-ब्रुक्स याने 'ओमेगल' सुरू केले तेव्हा हे प्रश्नही अनावश्यक ठरले. तेथे नावाची नोंद नव्हती. संगणक कोणत्याही दोन अनोळख्यांची गाठ घालून देई. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा वापर फोफावला आणि तेथील थट्टेच्या चित्रफितींवर यूट्यूबवर लोकप्रियता मिळवणारे तरुण आपल्या देशातही निघाले. मात्र याच व्यवस्थेने २०१४ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीची गाठ तिचे शोषण करणाऱ्या माणसाशी घालून दिली होती. पुढे तिने दावा लावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यात तडजोड झाली आणि ओमेगल बंद पडले. तशी इतर संकेतस्थळे मात्र चालूच आहेत.

अर्थशास्त्रात बाह्य परिणाम नावाची एक संकल्पना आहे. कारखाना सांडपाणी नदीत सोडतो. नफा मालकाचा होतो, आणि किंमत खालच्या गावांना मोजावी लागते. निनावी थट्टेचे गणित असेच आहे. घटकाभराचे हसू थट्टेखोराच्या पदरात पडते आणि खर्च समाजाच्या माथी बसतो. हा खर्च विश्वासाचा असतो. येवल्याचा विणकर आज पैठणीचे छायाचित्र परगावच्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवतो, आणि कधीही न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर काही आठवडे, प्रसंगी कित्येक महिने मागावर बसतो. बाजारपेठ, बँक, रेल्वे, रुग्णालय हे सारे अनोळख्याच्या शब्दावर चालते. प्रत्येक निनावी थट्टा कोणा एकाला शिकवून जाते की, अनोळखी माणूस खोटाच असतो. शिवाय मध्यरात्री परक्याशी बोलू पाहणारा पुष्कळदा एकाकी असतो. परीक्षेत अपयश आलेला विद्यार्थी किंवा घरापासून दूर राहणारा नोकरदार यांना हा घाव सर्वांत खोल लागतो.

निनावीपणा मुळातच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या टोपणनावाने 'शतपत्रे' लिहिली आणि आपल्याच समाजाच्या रूढींवर आसूड ओढले. परंतु त्यांचा रोख प्रबळांवर होता आणि मजकुराची जबाबदारी घेणारा संपादक होता. आजचा थट्टेखोर नाव झाकतो तो दुर्बळाला हसण्यासाठी.

कायद्याने हे थांबेल काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०७ अन्वये निनावी धमकीला अधिक शिक्षा होती. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती तरतूद आहे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु केवळ मनस्ताप देणे हा गुन्हा ठरवला की काय होते, हे २०१२ मध्ये पालघरने पाहिले. फेसबुकवरील साध्या मजकुरासाठी तेथे दोन तरुणींना अटक झाली. त्यावेळी वापरले गेलेले कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, हे योग्यच झाले.

गुन्हा आणि सभ्यता यांच्यामधली ही मोकळी जागा पोलिसांनी भरावयाची नाही. ती घराने आणि शाळेने भरावयाची आहे. मुलाच्या हाती मोबाइल देताना 'अनोळख्याशी बोलू नकोस' एवढेच सांगणे अपुरे आहे. पलीकडच्या अनोळख्याचा अनोळखी आपणही आहोत, हे त्याला उमगले पाहिजे. समोर उभे राहून, नाव सांगून जी थट्टा करण्याची छाती होणार नाही, ती अंधारात करण्यात पुरुषार्थ नाही. रंग जरूर उडवावा. पण स्वतः भिजण्याची तयारी ठेवून.