एका रात्रीचा मुक्काम

आपल्याकडच्या, म्हणजे इंदूर-देवास-धार या टापूतल्या जुन्या मराठी घरांत घराबाहेर पडण्याची कारणे ठरलेली आहेत. लग्नमुंज, तीर्थयात्रा आणि सुट्टीत पुण्या-मुंबईचे नातेवाईक. यांपैकी काही नसताना कोणी पिशवी भरू लागला, तर घरातली वडील माणसे त्याच्याकडे जरा निरखूनच पाहतात. "मित्रांबरोबर जातो आहे, एक रात्र राहून येतो," असे पंचेचाळिशीच्या गृहस्थाने म्हणावे, हे अजूनही थोडेसे उंडारल्यासारखे वाटते. शाळकरी पोर गेले तर ती सहल. बापया माणूस गेला तर ती चैन. या समजुतीविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

समजूत माझ्या घरातही होती. माझे वडील सतराव्या वर्षी दरबारच्या कलावंतांच्या पटावर चढले आणि थोड्याच अवधीत, १९४८ मध्ये, होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. मी त्यांचे शेंडेफळ, उतारवयात झालेला; दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच. गवयाने गाव सोडावे ते बिदागीसाठी, असे त्यांचे मत. नुसती हवा खायला बाहेरगावी जाणे त्यांच्या हिशेबात कोठे बसतच नसे. नवी पिढी हा हिशेब ठेवीत नाही, हे खरे. शुक्रवारी संध्याकाळी विमान धरून गोवा गाठायचे आणि सोमवारी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत हजर व्हायचे, हे तिला जमते. जमते तोवर तिने करावे. माझे म्हणणे आहे ते जवळच्या सहलीबद्दल, आणि त्यातही मुक्कामाबद्दल.

उदाहरण म्हणून मांडवगडच घेऊ. इंदुरापासून शंभराच्या आतबाहेर किलोमीटर. बेटमा, घाटाबिल्लोद, धार, नालछा करीत आता अडीच-तीन तासांत माणूस आलमगीर दरवाज्यापाशी पोहोचतो. रस्ता सुधारला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यामुळे मांडवगड एका दिवसात उरकता येऊ लागले. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालेली मंडळी रात्री सराफ्यात भुट्ट्याचा किस खायला परत हजर असतात. मधल्या वेळात जहाजमहालाच्या गच्चीवर दहा मिनिटे, होशंगशहाच्या कबरीपाशी पाच, दाल-बाफल्याला दीड तास आणि रूपमतीच्या मंडपात छायाचित्रे. विचारले तर सांगतात, "मांडू पाहून झाले."

आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर हे तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेसारखे आहे. तीन मिनिटांत अब्दुल करीमखाँसाहेबांनी काय करून ठेवले आहे ते मला ठाऊक आहे. परंतु तसे तीन मिनिटांत गाणारे फार थोडे आणि तसे तीन मिनिटांत पाहणारे तर त्याहून थोडे. बाकीच्यांना वेळ लागतो. तंबोरे जुळवण्यातच अर्धा तास जातो, आणि ज्याला गाणे कळते तो त्या अर्ध्या तासाला कंटाळत नाही. अमीरखाँसाहेबांनी झुमऱ्याच्या चौदा मात्रा किती संथ करून ठेवल्या होत्या, हे ज्या शहराने ऐकले त्याने तरी इतकी घाई करू नये.

आम्ही पाचजण आहोत. एक बँकेत, एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक शाळामास्तर, मी, आणि पाचवा धार जिल्ह्यातल्या खेड्यातला माळवी शेतकऱ्याचा मुलगा, इंदुरात वकिली करणारा. चाळिशीच्या पुढे मित्र भेटतात ते बहुधा कोणाच्या तरी तेराव्याला. आमचेही तसेच चालले होते. एका तेराव्यालाच बुंदीचे लाडू पुढ्यात असताना वकील म्हणाला, की यापुढे कोणी मरण्याची वाट न पाहता भेटावे. तेव्हापासून दर दोन-अडीच महिन्यांनी एक शनिवार-रविवार आम्ही बाहेर काढतो. कधी महेश्वर, कधी देवास, आणि पावसाळ्यात न चुकता मांडवगड.

मांडवगडला सूर्यास्ताबरोबर इमारतींची दारे बंद होतात. एका दिवसाची गर्दी त्याच सुमाराला मोटारींत बसून खाली उतरते. मग गाव आपले होते. रस्त्यावर भुट्टे भाजणारी बाई आपली शेगडी आवरीत असते, खुरासानी चिंचेची ती अवाढव्य, फुगीर बुंध्याची झाडे (मूळची आफ्रिकेची म्हणतात, येथे ती कित्येक शतके आहेत) अंधारात हत्तींसारखी उभी असतात, आणि सागर तलावाच्या बाजूने बेडकांचा गजर सुरू होतो. दिवसा जेथे पोरे ओरडून प्रतिध्वनी ऐकतात, तेथे संध्याकाळच्या शांततेत मी एकदा षड्ज लावून पाहिला. तो परत आला तो किंचितही न उतरता. शाळामास्तर म्हणाला, तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा आहे. मी त्याला विरोध केला नाही.

गेल्या श्रावणातल्या मुक्कामाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. जेवणे झाली होती. दाल-पानिये होते, मक्याच्या पिठाचे ते चपटे गोळे पानांत घालून निखाऱ्यावर भाजतात. पाऊस धो धो पडत होता, वीज गेली होती, आणि आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. बाजूला कोणाचा फोन नाही, कोणाचे जावई-सुना नाहीत. अकराच्या पुढे केव्हा तरी बँकवाला म्हणाला, "वाडा विकायचा ठरवला आहे." पणज्यापासूनचा वाडा. मुलगा कॅनडात, तो येणार नाही, हे आता त्याने स्वतःशी कबूल केले होते. तीन वर्षे ही गोष्ट त्याच्या पोटात होती. मी त्याला आठवड्यातून दोनदा तरी भेटतो. आमच्या गल्लीत, चहाच्या गाडीवर, दोन कामांच्या मध्ये ती कधी बाहेर आली नाही. दिवसाच्या सहलीतही आली नसती, कारण चार वाजताच कोणीतरी घड्याळ पाहून "आता निघायला हवे" म्हटले असते.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग वकिलाने कागदपत्रांचे विचारले, औषधवाल्याने माळ्यावर काय काय आहे ते विचारले. माळ्यावर दोन पेटारे मोडीचे कागद होते. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार होता. पुढच्याच रविवारी आम्ही पाचहीजण त्या माळ्यावर चढलो. पेटारे सध्या माझ्या वर्गाच्या माडीवर आहेत, आणि मोडी वाचणारे कोणी ओळखीचे असेल तर वाचकांनी अवश्य कळवावे. वाडा जाणार तो जाणारच. ते आमच्या हाती नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबला. जहाजमहालाच्या दोन्ही अंगांची तळी भरली होती, एकीकडे मुंज, दुसरीकडे कपूर, आणि दारे उघडल्यावर पहिले आम्हीच आत शिरलो. त्या महालाचे नाव जहाज का, हे कोरड्या दिवसांत गेलेल्या माणसाला कितीही समजावून सांगितले तरी पटत नाही. ज्या घियासशहाचे नाव या महालाशी जोडले जाते, त्याच्या मुदपाकखान्याचे पुस्तक, 'निमतनामा', आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशाचेच कितीतरी प्रकार दिलेले आहेत. औषधवाल्याला इतिहासाची गोडी नाही, पण हे कळल्यापासून तो घियासशहाबद्दल आदराने बोलतो.

मला मात्र ओढ बाजबहादूरची. रूपमतीच्या कथेवर सगळेजण हळहळतात. नर्मदेचे दर्शन झाल्याशिवाय ती अन्न घेत नसे वगैरे. कथा आहे ती राहू द्या. त्यापुढची हकीकत सांगणारा सहसा भेटत नाही. १५६१ मध्ये आदमखानाने सारंगपुराजवळ बाजबहादूरचा पराभव केला, माळवा अकबराकडे गेला, आणि काही वर्षे रानोमाळ हिंडून १५७० मध्ये बाजबहादूर स्वतः अकबराच्या दरबारी रुजू झाला. 'आइने अकबरी'त दरबारच्या गायक-वादकांची जी यादी आहे, तिच्या अग्रभागी तानसेन; आणि त्याच यादीत माळव्याच्या या माजी सुलतानाचे नाव आहे. राजा गेला आणि गवई उरला. माझ्या वडिलांच्या बाबतीत दरबार गेला आणि गवई उरला. मग शिकवण्या करून त्याने घर चालवले. रूपमतीच्या मंडपाच्या कठड्यापाशी, जेथून निमाडचा सपाट मुलूख एकदम हजारएक फूट खाली दिसतो, तेथे हे मला आठवते. धूसर दिवस असेल तर नर्मदा दिसत नाही. ती दिसलीच पाहिजे असा आग्रह धरणारे लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

आणि दुसऱ्यांदा, पाचव्यांदा येण्यातच खरी गंमत आहे. तोच राग पुन्हा गायला म्हणून कोणी गवयाला नावे ठेवीत नाही. आपण अडीचशे वर्षे या मातीत राहतो. होळकर, पवार, शिंदे यांच्याबरोबर आपले पूर्वज घोड्यावरून, बैलगाडीतून याच मुलखातून हिंडले. त्यांना घाट, नद्या, गावे, पाणवठे तोंडपाठ असले पाहिजेत. आपल्याला पुण्यातल्या पेठा पाठ आहेत. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावकडच्या सुळेभावीचा. १९४८ मध्ये ते क्षयाने आजारी होऊन देवासला आले, आणि आजारपणात कानांवर पडलेली माळवी लोकगीते त्यांनी जिवाभावाने गोळा केली, त्यांतून नवे राग उभे केले. १९९२ मध्ये गेले ते देवासलाच. आपण त्यांच्याही आधीपासून येथे असून आपल्यापैकी किती घरांत एखादे माळवी गीत पुरते येते? आमच्या वकिलाला येतात. सोयाबीनच्या शेतांमधून मोटार जाते तेव्हा तो आईकडून ऐकलेली गुणगुणतो, आणि मी वही काढतो. या कामासाठी मला विद्यापीठाची वृत्ती मिळाली नसती. पेट्रोलच्या पाचव्या हिश्शात ते होते आहे.

पुरुषांनी मौज करायची आणि बायकांनी घर राखायचे का, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. आमच्या घरी तो पहिल्याच महिन्यात आला. उत्तरही तिकडूनच आले: आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या तीन मैत्रिणी महेश्वरला दोन दिवस राहून आल्या. अहिल्याबाईंच्या घाटावर पहाटे बसल्या, मागांवर साड्या विणताना पाहिल्या, आणि एकही साडी न घेता परतल्या, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. वाड्यातल्या एका काकूंनी "चौघीच?" असे विचारले. पुढच्या खेपेला त्या काकू पाचव्या होत्या.

सगळेच गोड आहे असे नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी मांडवगडावर मोटारींची जी रांग लागते, ती पाहून माणूस घरी बसणे पसंत करील. एका निवासस्थानात फोनवर सांगितलेला भाव आम्ही भिजत दारात पोहोचल्यावर दीडपट झाला होता. त्याहून वाईट म्हणजे मोठ्या आवाजाची ती पेटी, जी आता प्रत्येक टोळक्याबरोबर असते. हिंदोळा महालाच्या त्या कललेल्या, जाड भिंतींत आवाज कसा घुमतो ते ऐकण्यासारखे आहे. तेथे नाचाची गाणी लावणाऱ्यांना काय म्हणावे? शक्य असेल त्याने शनिवार टाळून बुधवार-गुरुवार धरावा. आमच्यात शाळामास्तर आणि बँकवाला असल्यामुळे आम्हाला ती सोय नाही.

मला तर शनिवार-रविवारच अवघड. गाणे शिकवणाऱ्याचे ते दोन दिवस भर हंगामाचे. शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असते तेव्हाच शिकणारे येतात. वर्ग बंद ठेवला की पालकांचे फोन येतात. "सर, बरे नाही का?" असे प्रथम विचारतात, बरे आहे म्हटले की आवाज बदलतो. एका मातोश्रींनी, चार तास बुडाले तर फी किती कमी होईल, असेही विचारले. मी त्यांना सांगितले, की फी कमी होणार नाही, पण त्या महिन्यात मुलीला मेघमल्हार जरा बरा शिकवीन. त्यांनी ते मान्य केले असे दिसत नाही. मुलगी मात्र येते आहे.