मेट्रो स्थानकांवर रिक्षा थांबे मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, पुणे.

विषय : निगडी मेट्रो सुरू होण्यापूर्वी रिक्षा थांबे व शेअर रिक्षा मार्ग मंजूर करण्याबाबत.

महोदय,

आम्ही चिंचवड, आकुर्डी, निगडी व चाकण भागांतील परवानाधारक रिक्षाचालक. मेट्रो शहराला हवी आहे. मात्र तिच्या आराखड्यात आमच्या पोटापाण्याचाही विचार व्हावा, यासाठी हे निवेदन देत आहोत.

पिंपरी–फुगेवाडी मेट्रो 6 मार्च 2022 रोजी सुरू झाली. 1 ऑगस्ट 2023 रोजी ती जिल्हा न्यायालयापर्यंत आणि 29 सप्टेंबर 2024 रोजी स्वारगेटपर्यंत गेली. तसतशी आमची पुण्याकडची लांबची भाडी कमी होत गेली. आता पिंपरी ते निगडी या सुमारे साडेचार किलोमीटरच्या नव्या टप्प्यात चिंचवड, आकुर्डी, निगडी व भक्ती-शक्ती ही स्थानके येत आहेत. आमच्या शेअर रिक्षाही याच रस्त्यावर धावतात. मेट्रो सुरू झाल्यावर आमच्याकडे उरतील ती स्थानकापासून घर किंवा कंपनीपर्यंतची जवळची भाडी. सप्टेंबर 2022 पासूनच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये मिळतात. थांबा नसेल तर परतीचा फेरा रिकामा होतो आणि त्या पैशांत गॅस व कर्जाचा हप्ता भागत नाही. 2017 मध्ये परमिट खुले झाल्यापासून रिक्षाही वाढल्या आहेत.

औद्योगिक पट्ट्यात दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते. मेट्रो बंद झाल्यावर कामगाराला घरी पोचवायला रिक्षाच लागते. सरकारी आधार असला की जुनी सेवाही टिकते, याचे उदाहरण गोव्यात आहे. तिथे 1986 साली मांडवी नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजीची ये-जा फेरीबोटींनी सांभाळली. पुढे नवे पूल झाले तरी पणजी–बेती फेरी टिकली, कारण ती सरकारी नदी परिवहन खाते चालवते. आमच्यामागे असे खाते नाही. आम्हाला आधार आहे तो आपल्या प्राधिकरणाच्या मंजुरीचा.

म्हणून आमच्या मागण्या :

1. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 117 नुसार चारही स्थानकांच्या दारांजवळ रिक्षा थांबे निश्चित करावेत. जागा व वाहनसंख्या मेट्रो सुरू होण्यापूर्वी लेखी जाहीर करावी. पादचारी मार्ग व पार्किंगची आखणी एकदा झाली की थांब्याला जागा उरत नाही.

2. निगडी–तळवडे–म्हाळुंगे–चाकण एमआयडीसी आणि नाशिक फाटा–भोसरी–मोशी–चाकण हे शेअर रिक्षा मार्ग पाळ्यांच्या वेळा पाहून मंजूर करावेत. प्रति सीट भाडे ठरवून द्यावे. परमिटची हद्द आड येत असल्यास ती वाढवावी.

3. मेट्रोच्या कामामुळे जे थांबे हलले, त्यांना काम संपेपर्यंत पर्यायी जागा व पाटी द्यावी. तोवर त्या चालकांवर दंडाची कारवाई करू नये.

4. रिक्षा व मीटर टॅक्सी चालकांच्या राज्य कल्याणकारी मंडळाची नोंदणी शिबिरे निगडी व चाकण येथे घ्यावीत.

5. महापालिका, महामेट्रो, पीएमपीएमएल, वाहतूक पोलीस व चालक प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि इतिवृत्ताची प्रत आम्हाला द्यावी.

यांतील कोणत्याही मागणीसाठी मेट्रोचे काम थांबवावे लागणार नाही. बैठकीची तारीख तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
निगडी, आकुर्डी, चिंचवड व चाकण भागांतील रिक्षाचालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, मा. व्यवस्थापकीय संचालक, महामेट्रो व परिवहन कार्यालय, पिंपरी-चिंचवड.